लोलक कुठे लटकत होता

लोलकाची ती तक्रार मी अजून विसरलेलो नाही. साल साठच्या पुढचं, मालवणच्या बाजूचं एक गाव. गौरी-गणपती बोळवून झाले आणि तिथले एक बागायतदार आमच्या पोलीस दूरक्षेत्रावर आले. सुनेचा सोन्याचा लोलक चोरीला गेला म्हणाले.

मी शिपायाचा जमादार झालेला माणूस. शाळा फार झाली नाही, पण फिर्याद नीट लिहून घ्यायचो. घड्याळात हलतो तो लोलक, देवळातल्या झुंबराला काचेचे असतात ते लोलक आणि बायकांच्या कानातल्या फुलाखाली झुलतो तोही लोलकच. तेव्हा कसला लोलक आणि शेवटचा कुठे लटकत होता, हे मी विचारणारच. कानातला, पण लटकत नव्हता, पेटीत होता, असं ते म्हणाले.

संशय त्यांच्याकडे सारवायला येणाऱ्या विधवेवर होता.

"तिकाच उचला, जमादार. बाजारात सोनाराच्या पायरीर लोकांनी तिका बघितल्यानी."

खबर खरी निघाली. बाईला विचारलं. म्हणाली, "माझीच फुली मोडलंय, चेडवाच्या लग्नाक. व्याह्यांक कळता नये म्हणान गप रवलंय. माका ठाण्यार नेलास तर लगीन मोडतला."

सोनारानेही तिची छोटी फुलीच दाखवली, लोलक नव्हे. तरी बागायतदार म्हणत, दोघं मिळालेले आहेत. त्यांची वरपर्यंत ओळख होती, मला बदलीची भीती घालून झाली. मी बाईला उचललं नाही. आधी घर बघतो म्हटलं.

सुनेने जोडीतला राहिलेला लोलक पुढे केला. मी तो उजेडात धरला. आकड्यात हिरवट देठ अडकला होता, तेरड्याचा. आमच्याकडे तेरड्याच्या जुडीची गौर करतात आणि घरातले दागिने तिला घालतात. पेटीत तेरडा कुठून येणार?

"वयनी, हे गौरीक घातलेले?"

ती सासूकडे बघायला लागली. सासू म्हणाली, "घातलेले तर. उतरूचे सुनेनच, असो आमचो रिवाज. सगळे उतरलंस मां गो?"

 सून म्हणाली, "घाय झाली. एक रवलो. तुमी म्हणशात, हिच्यामुळे गौरीन घरचा सोना नेल्यान. म्हणान पेटीत होतो, असा सांगितलंय."

बागायतदारांना मी स्वतः गौरी बोळवतात त्या व्हाळाच्या पाण्यात उतरवलं. बोळवलेल्या जुड्या केवड्याच्या मुळांत अडकल्या होत्या. त्यांतल्या एकीत लोलक मिळाला. पंचनामा केला, फिर्याद गैरसमजाची म्हणून निकाली काढली.

ती बाई चोर ठरली ती सोनाराच्या पायरीवर दिसली म्हणून. ती दागिना मोडायलाही जाऊ शकते, हे कुणाच्या मनात आलं नाही. पहिल्या दिवशी माझ्याही नाही. पुढे नोकरीभर मी संशयिताच्या झोपडीआधी फिर्यादीचं घर बघितलं, त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली, पण सवय सोडली नाही.

मुलीचं लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मला बोलावणं आलं नाही. पोलीस मांडवात दिसला असता तर व्याह्यांनी विचारलंच असतं, हा कशाला आला म्हणून. बाईने केलं ते बरोबर केलं.