गुरुजींचा कोंबडा

आमच्या घरात एक कोंबडा नऊ वर्षं राहिला. लेक चौथीत असताना तिनं निमगाव केतकीच्या बाजारात गुलाबी रंगात बुडवलेलं पिल्लू घेतलं. “चार दिवसांत मरेल,” मी निदान केलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळं माझं कोण ऐकणार? पिल्लानंही ऐकलं नाही. रंग उडाला, तुरा फुटला, आणि लेक पुण्याला शिकायला गेली तेव्हा तो वारसाहक्कानं माझ्याकडं आला.

म्हातारपणी त्याला एका डोळ्यानं दिसेना. भरदुपारी, नेमका माझा डोळा लागला की आरवायचा आणि मग कौतुकाच्या अपेक्षेनं माझ्या खुर्चीखाली येऊन बसायचा. शेजारचे तात्या कुंपणावरून रोज विचारायचे, “गुरुजी, मसाला वाटाया सांगू का?” नऊ वर्षं तोच विनोद. माणसाची चिकाटी वाखाणण्यासारखी.

यंदा थंडीत त्यानं दाणा सोडला. मी रजा टाकली, त्याला भाजीच्या पिशवीत घातलं आणि मोटारसायकलवरून बारामतीला जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. रांगेत तीन शेळ्या, एक जर्सी गाय आणि आम्ही.

“वय?” डॉक्टरांनी विचारलं.

“नऊ.”

“महिने?”

“वर्षं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “गुरुजी, एवढ्या वयाचा कोंबडा मी आजवर तपासला नाही. लोक तेवढी वेळच येऊ देत नाहीत.” मग पंखाखाली हात घालून त्याची छाती चाचपली. “घरी न्या. ऊब द्या.”

दोन दिवस मी त्याला ऊब दिली. बायकोनं माझी बरी शाल दिली, आणि मला वापरायला जुनी काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या मांडीवरच गेला.

लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणत होतो तर तात्या आले. “आरारा! आजारानं गेला व्हय? मंजी आता खाताबी येत न्हाय.” सांत्वनाची ही पद्धत आमच्याकडंच. पण मग त्यांनी माझ्या हातातलं खोरं घेतलं. “सरका. तुमाला खणता येत न्हाय. कुत्री उकरतील,” म्हणाले आणि कंबरभर खड्डा खणला. दगड रचून झाल्यावर तिथंच उकिडवे बसले. विनोद केला नाही. त्याचाच मला जास्त त्रास झाला.

लेकीला फोनवर सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, “बाबा, तुम्ही रडलात?”

“मला काय धाड भरलीय? कोंबडा होता.”

“आई सांगत होती, तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.”

बायकोला घरातली गुपितं सांभाळायला सांगणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणं.

पुढं महिनाभर मी कोंबडी खाल्ली नाही. लोकांना सांगितलं, पित्त वाढलंय. मग कळंबला भाच्याच्या जावळाचं जेवण निघालं. पाहुण्यांनी ताटात कोंबडीचा रस्सा वाढला. मी नको म्हणालो, मग थोडा चालेल म्हणालो, मग दुसऱ्यांदा घेतला. झणझणीत होता. एवढं तत्त्वनिष्ठ दुःख तालुक्यात दुसऱ्या कुणी पाळलं नसेल.

घरी आलो, खुर्चीत बसलो आणि पाय खाली सोडताना सवयीनं आधी वाकून बघितलं.