कुर्लीचे रिकामे फुगे

आधी पल्लवीचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. पल्लवी अकोल्याची. बंगळुरूत ज्या वसतिगृहात मी पोळ्या लाटते तिथेच तिसऱ्या मजल्यावर राहते आणि कॉम्प्युटरचं काम करते. माझी शाळा नववीत सुटलेली, त्यामुळे तिनं काय काय केलं ते मला धड सांगता यायचं नाही. पण सदूकाकांचं जे काही आज माझ्या हाताशी आहे, ते तिच्यामुळे आहे.

सदूकाका माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. ते गेल्याचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. भाऊ एवढंच म्हणाला, "सदूकाका गेले गो." मी घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. आमच्या कट्टा गावात एसटी थांब्यासमोरचं त्यांचं खाज्याचं दुकान बंद होतं, पण आल्या-गुळाचा वास फळीच्या फटीतून तसाच येत होता...

काका खाजं, म्हणजे गुळाच्या पाकात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्या, करायचे आणि चित्रं काढायचे. पाक घट्ट होईपर्यंत गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून कागदावर त्यांची कुर्ली, म्हणजे खेकडी, चालू व्हायची. ही कुर्ली रोज एसटी पकडायला निघे आणि तिरकी चालत असल्यामुळे कधी भजीच्या गाडीशी, कधी न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन पोचे. गाडी सुटायची ती सुटायचीच. शाळा सुटली तेव्हा मी घरात तोंड लपवून बसले होते. काकांनी मला दुकानात बोलावलं, पेन हातात दिलं आणि म्हणाले, "गो सुमन, तुझा अक्षर बरा आसा. ह्या कुर्लेक बोलूक तू लाव." तेव्हापासून कुर्लीच्या तोंडासमोरच्या फुग्यातलं सगळं बोलणं माझं. कंडक्टरला ती टोमणे मारायची तेही माझेच. शाळेत जे कुणी ऐकलं नसतं ते थांब्यावरची माणसं वाचून हसायची.

चित्र झालं की काका मोबाईलवर फोटो काढायचे, चित्रकथांच्या एका वेबसाइटवर चढवायचे आणि मूळ कागदात खाजं बांधून गिऱ्हाइकाला द्यायचे. कुणकेश्वरच्या जत्रेत तर पोरं आधी कागद सोडून बघायची, मग खायची. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाले, "कागद ठेवन काय करू? वाळवीक घालू? फोटो आसा मा." आमच्या घरात ते सगळ्यांना पटलंही. एकही कागद कुणी ठेवला नाही.

मी बंगळुरूला आले त्यानंतरच्या चित्रांमध्ये फुगे रिकामे राहू लागले. कुर्लीचं बोलणं फोनवर सांगते म्हटलं तर ऐकायचे नाहीत. म्हणायचे, "तुझी जागा ठेवलंय. जत्रेक इलंस की लिही." सुट्टी काही मिळत नव्हती. कुर्ली तोंड उघडून थांब्यावर उभी, आणि काका दर आठवड्याला नवा रिकामा फुगा काढतायत...

ते गेल्यावर काही आठवड्यांनी ती वेबसाइट बंद होणार अशी सूचना आली. कागद तर घरोघरी जाऊन चुलीत गेलेले. मी एकेक चित्र मोबाईलमध्ये उतरवायला बसले. पन्नासेक झाली असतील, आधीच भरत आलेला फोन पुरता भरला. उतरलेली बघितली तर बारकी आणि पुसट, फुगा कुठला आणि ढग कुठला कळेना. रविवारी दुपारी जेवायला आलेल्या पल्लवीनं मला तव्यासमोर बघितलं. "ताई, रडता काहून?" मी सगळं सांगितलं. तिनं पहिलं विचारलं ते हे, की घरच्यांची परवानगी आहे का. काकूला फोन लावला. काकू म्हणाली, "माका कित्याक इचारतंस? त्येंचा ता माजाच. सगळा हाड." म्हणजे, सगळं घेऊन ये.

पल्लवीनं लॅपटॉप मेसच्या टेबलावर ठेवून एक काळी खिडकी उघडली. तिच्यात ना चित्र ना बटण, नुसती अक्षरं. तिनं एक ओळ लिहिली. म्हणाली, आपण फक्त काकांचं पान सांगायचं, पुढची पानं हा प्रोग्राम स्वतःच शोधतो आणि मोठी चित्रं क्रमानं उतरवतो. अक्षरं भराभर वर सरकू लागली आणि मधेच थांबली. मला वाटलं, संपलं, गेलं सगळं. ती हसली. "घाईघाईनं मागितलं नं, म्हणून दार लावून घेतलं त्या वेबसाइटनं. आता जरा दम खाऊन मागू." ओळीच्या शेवटी तिनं काहीतरी जोडलं. मग एक ओळ, थोडा थांबा, पुढची ओळ... प्रत्येक ओळीला एक चित्र. माझ्या पोळ्या गार झाल्या, पण पोरींपैकी कुणी तक्रार केली नाही. त्या चहाचे पेले घेऊन कुर्ली बघत बसल्या होत्या. शेवटची ओळ आली तेव्हा कित्येक आठवड्यांनी मला पोटभर श्वास घेता आला.

काकूला व्हिडिओवर दाखवलं. ती एकेक चित्र बघत गेली. मग म्हणाली, "खाज्याबरोबर गेलेले कागद परत इले गो."

आता रोज काम आटपलं की मी एक चित्र कागदावर छापून घेते आणि त्यातला फुगा भरते. काकांनी जागा ठेवली होती, ती मला सापडते आहे. एक मात्र कोरा सोडलाय. त्या चित्रात कुर्ली थांब्यावर एकटीच बसली आहे आणि कुणीतरी तिच्याकडे वाकून बघतंय. कधीतरी पल्लवीला कट्ट्याला नेईन, गल्ल्यामागच्या त्या स्टुलावर बसवीन आणि तिच्यासमोर त्या वाकलेल्या माणसाच्या फुग्यात लिहीन, "ताई, रडता काहून?" मग त्याच कागदात खाजं बांधून तिच्या हातात देईन.