जामखेडकरांचा अंतरा आणि खासगीवाल्यांचं मत

श्यामसुंदर खासगीवाले वीज मंडळातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना दोन गोष्टींची ददात नव्हती. एक पेन्शन आणि दुसरं मत. पेन्शन महिन्याला यायची, मत रोज यायचं.

हे मत मुख्यतः संगीतकार रंगराव जामखेडकर यांच्याविषयी असायचं. नववीत असताना खासगीवाल्यांनी रेडिओवर जामखेडकरांचं पहिलं गाणं ऐकलं आणि हातातला घास हातातच राहिला, असं ते सांगतात. घासाचं पुढे काय झालं ते सांगत नाहीत. एवढं मात्र खरं की त्या दिवसापासून जामखेडकर हे त्यांचं दैवत झालं आणि दैवताने कसं वागावं हे ठरवण्याचा अधिकार भक्ताकडे आला.

नारायण पेठेत वह्या-पुस्तकांच्या एका दुकानावर जी खोली आहे, तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ‘जामखेडकर संगीत रसिक मंडळा’ची सभा भरते. खासगीवाले मंडळाचे संस्थापक आणि तहहयात अध्यक्ष. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी आहे : ‘येथे गाण्यांवर चर्चा होते. कृपया गाऊ नये.’ चर्चाही साधीसुधी नसते. एका गाण्याच्या सुरुवातीच्या तुकड्यात सतार आहे की मेंडोलिन, यावरून दोन सभासदांनी कित्येक वर्षं एकमेकांशी अबोला धरला होता. तरी सभेत दोघे शेजारीच बसायचे, कारण पंखा तिथेच होता.

खासगीवाल्यांचा सिद्धान्त असा की, एकोणनव्वद सालानंतर जामखेडकरांनी ऐकण्यासारखं काही केलं नाही. रंगराव धडधाकट होते, सहकारनगरात राहत होते, सकाळी फिरायला जात होते. पण त्यांच्या सर्वांत मोठ्या चाहत्याने त्यांचा कारभार एकोणनव्वदलाच आटोपून टाकला होता. तरीही मंडळ दर वर्षी त्यांचा वाढदिवस साजरा करायचं, त्यांना निमंत्रण धाडायचं आणि ते यायचे नाहीत. सहकारनगरहून नारायण पेठेत पोचायला हल्ली जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माणूस लोणावळ्याला जाऊन चिक्की घेऊन येतो, हे खरं. पण न येण्याचं कारण तेवढंच नसावं.

आणि मग, जामखेडकर ब्याऐंशी वर्षांचे असताना, त्यांचं नवं गाणं आलं.

एका नव्या दिग्दर्शकाने आपल्या मराठी चित्रपटासाठी त्यांना हुडकून काढलं होतं. चित्रपट यायला अवकाश होता, पण ‘दार लोटून ऊन आलं’ हे गाणं आधीच मोबाइलवर झळकलं. मंडळात खळबळ उडाली. इतकी वर्षं ज्यांच्याविषयी सगळं काही ठरून गेलं होतं, त्या माणसाने अध्यक्षांना न विचारता एक नवीन गाणं केलं होतं.

तातडीची सभा भरली. कार्यवाह भाग्यश्री मेश्राम यांनी स्पीकर जोडला. या मेश्रामबाई सरकारी खात्यात वरिष्ठ अधिकारी. मंडळात शिस्त म्हणून जी काही आहे ती त्यांच्यामुळे. गाणं वाजलं. संपलं. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले.

“हे जामखेडकर नाहीत,” खासगीवाले म्हणाले.

“पण सर, नाव तर त्यांचंच आहे नं,” अभिनव बोबडे म्हणाला. अभिनव मूळचा यवतमाळचा. खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. वडिलांच्या कॅसेटी ऐकत मोठा झाला आणि म्हणून मंडळात आला. तिशीच्या आतला तो एकटाच असल्यामुळे मंडळाच्या अहवालात त्याचा उल्लेख ‘युवा विभाग’ असा होतो.

“नाव माझ्या चुलत्याच्या बंगल्यावर आमच्या आजोबांचंही आहे. आजोबा आत आहेत का?”

“मला तर आवडलं बुवा,” संभाजी धुमाळ बोलले. यांचं पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. “आणि अध्यक्ष, गाणं चालू असताना पाय तुमचाही हलत होता.”

“माझा पाय मधुमेहाने हलतो.”

मग तोंडं सुटली. ढोलकी खरी नाही, कीबोर्डवरची आहे. गायिकेचं मराठी अंधेरीचं आहे. चाल कॉम्प्युटरने केली असावी. एक जण म्हणाले, गाणं छान आहे पण छान असायला नको होतं, कारण जामखेडकरांचं छान वेगळं असतं. हे कुणालाच कळलं नाही, म्हणून सगळ्यांनी मान डोलावली. अभिनव एकटा किल्ला लढवत होता. “तुम्ही नवीन म्हणून ऐकतच नाही आहात, काका. तुम्ही जुन्याशी ताडून बघताय फक्त.”

“ताडून बघायला काहीतरी माहीत असावं लागतं,” खासगीवाले म्हणाले, आणि सभा संपली.

त्या संध्याकाळी त्यांनी फेसबुकवर लिहायला घेतलं. कल्याणीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, भाजी निवडत होत्या. “जेवायला बसायचं की अजून कुणाला झोडायचं राहिलंय?” त्यांनी विचारलं. त्यांना हातानेच थांबवत खासगीवाल्यांनी लेख पुरा केला. लेख होता जोरदार. मुखड्याविषयी त्यात अवाक्षर नव्हतं, सगळा मारा अंतऱ्यावर होता. ‘या गाण्यातला अंतरा मुखड्याच्या घरी पाहुणा म्हणून आला आहे, आणि कधी एकदा उठतो असं त्याला झालं आहे,’ हे वाक्य तर लोकांनी कापून कापून एकमेकांना पाठवलं. मंडळाबाहेरच्या कुणी तरी विचारलं, “काका, आपण स्वतः किती गाणी केलीत?” खासगीवाल्यांनी उत्तर दिलं, “मी रस्तेही केलेले नाहीत. पण खड्ड्यात गेल्यावर कळतं.”

अभिनवने खाली लांबलचक प्रतिवाद लिहिला. अध्यक्षांनी त्याला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून काढलं. त्याने ‘जामखेडकर आजचे’ नावाचा दुसरा ग्रुप काढला आणि आठवड्याभरात मंडळाचे निम्मे सभासद तिकडेही गेले. सतार आणि मेंडोलिन पुन्हा एकदा वेगवेगळ्या बाजूला पडले. मेश्रामबाई दोन्हीकडे होत्या आणि सभेची सूचना त्या दोन्हीकडे एकच टाकायच्या.

अशात एका दुपारी मेश्रामबाईंना फोन आला. पलीकडून एक थकलेला पण स्वच्छ आवाज म्हणाला, “मी रंगराव जामखेडकर. आपली पुढची सभा कधी आहे?”

बाईंनी तारीख सांगितली.

“मी येईन म्हणतो. हार नको, शाल नको, भाषण नको. आणि ते अंतऱ्याबद्दल लिहिणारे गृहस्थ आहेत ना, ते मात्र हवेत.”

ही बातमी ऐकल्यावर खासगीवाले म्हणाले, “येऊ देत. जे लिहिलं ते तोंडावर सांगेन. मी कुणाला भीत नाही.” पुढचे दिवस ते घरात येरझारा घालत, आरशासमोर उभे राहत आणि जामखेडकरांना काय म्हणायचं ते पुटपुटत. “अण्णा, क्षमा असावी, पण अंतऱ्यात...” कल्याणीताई चहा ठेवता ठेवता ऐकायच्या. त्यांना आता त्या गाण्याचा अंतरा खासगीवाल्यांपेक्षा जास्त पाठ झाला होता.

रविवार उजाडला. खोलीत उभं राहायला जागा नव्हती. फुटलेले सभासदही आले होते, आणि या वेळी कल्याणीताईही. अभिनव दाराशी उभा होता, कारण आपण आत आहोत की बाहेर हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

जामखेडकर आले. जिना अरुंद आणि उभा. काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत ते वर चढले आणि खुर्चीत बसल्यावर बराच वेळ त्यांना बोलता येईना. छाती भात्यासारखी हलत होती. लुंगीसारखा सैल पायजमा, पांढरा शर्ट, खिशाला पेन. रेकॉर्डच्या कव्हरवर त्यांचा जो फोटो सगळ्यांना पाठ होता, त्याच्याशी या माणसाचं फक्त नाक जुळत होतं.

दम परतल्यावर ते म्हणाले, “एकोणीस वर्षांनी मला सिनेमाचं काम मिळालं. केलं. निर्माता म्हणाला अप्रतिम. मुलगा म्हणाला अप्रतिम. सूनबाई तर ऐकायच्या आधीच म्हणाली. मग कुणीतरी मला तुमचा लेख वाचून दाखवला. अंतरा उठू पाहतोय, असं लिहिलंय त्यात. मला स्वतःला तेच वाटत होतं, पण बोलणार कुणाशी? म्हणून आलो. कुठे बिघडलं ते मला सांगा. ते गाणं आता दुरुस्त होणार नाही, पण मी अजून आहे.”

सगळ्या माना खासगीवाल्यांकडे वळल्या. ते उठले. इस्त्रीचा झब्बा, कपाळावर घाम. तोंड उघडलं. समोर नववीतला तो घास ज्याने अडवला, तो माणूस बसला होता, आणि काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकायला पुढे वाकला होता.

खासगीवाल्यांनी हात जोडले. “अण्णा, गाणं अप्रतिम आहे.”

“आणि अंतरा?” जामखेडकरांनी विचारलं.

“अंतरा तर... अंतरा म्हणजे कळस आहे.”

धुमाळांनी छताकडे पाहिलं. मेश्रामबाई इतिवृत्त लिहीत होत्या, त्यांनी पेनाला टोपण लावलं. जामखेडकर सौम्यपणे म्हणाले, “असं होय. मग ते लिहिणारे दुसरे कुणी खासगीवाले असतील.”

आणि काठीवर भार देऊन उठू लागले.

“सर, मी बोलू का?” दारातून अभिनव म्हणाला.

“बोला की.”

“मला गाणं लय आवडलं. खरंच. कंपनीच्या बसमध्ये रोज ऐकतो मी. पण सर...” तो अडखळला. “अंतरा आला की मी गाणं बोटाने परत सुरुवातीला नेतो. अंतरा पूर्ण असा मी दोनदाच ऐकला असेल.”

जामखेडकर परत खाली बसले. “का?”

“मुखड्यात कसं, माणूस निवांत घरी आल्यासारखं वाटतं. अंतऱ्यात त्याला कोणीतरी चल चल करून राहिलं असं वाटते.”

“दिग्दर्शक करत होता,” जामखेडकर म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. “दीड मिनिटात आटपा म्हणाला. मी दोन ओळींमधला श्वास काढून टाकला. काढायला नको होता. इकडे या, असे बसा. कुठल्या ओळीपासून घाई वाटते?”

मग ते दोघे बोलत राहिले. म्हाताऱ्याने खुर्चीच्या दांडीवर बोटांनी ठेका धरला आणि श्वास न काढलेला अंतरा गुणगुणून दाखवला. गाऊ नये ही पाटी त्यांच्या डोक्यावरच होती, पण ती दाखवायचं धाडस कुणी केलं नाही. इकडे मंडळाचे तहहयात अध्यक्ष कॉफीचा ट्रे घेऊन उभे होते. जामखेडकरांनी कप उचलला, “आभारी आहे” म्हणाले, आणि पुन्हा अभिनवकडे वळले.

घरी परतताना लक्ष्मी रोड ओलांडल्यावर कल्याणीताईंनी विचारलं, “बोलला का नाहीत?”

“जिना चढून आले होते गं ते. केवढी धाप लागली होती.”

“मग पाणी द्यायचं. खोटं कशाला दिलंत?”

खासगीवाल्यांपाशी प्रत्येक गोष्टीवर मत असायचं. यावर नव्हतं.

दोन-तीन दिवस ते सभेचा विषय काढला की उठून गॅलरीत जात. मग एका सकाळी त्यांनी अंघोळ केली, झब्बा घातला आणि टेलिफोनवर दिसत नसतानाही नीट ताठ बसून नंबर फिरवला.

“मी श्यामसुंदर खासगीवाले.”

“कोणते? अप्रतिमवाले की अंतऱ्यावाले?”

“अंतऱ्यावाले.”

“बोला.”

आणि ते बोलले. शब्द कुठे कोंबले गेलेत, कोरस कुठे उगाच आलाय, सगळं सांगितलं. पलीकडून मधूनमधून फक्त “हं” ऐकू यायचं. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, “आणखी एक. मुखडा फार चांगला आहे. मी तो लिहिला नाही. चांगला आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण एकोणनव्वदनंतर काही चांगलं झालेलं नाही असं मी इतक्या लोकांना सांगून बसलोय, की माझी पंचाईत झाली.”

फोनवर जामखेडकर खोकल्यासारखे हसले. “तुमच्या त्या सालीच माझी बायको गेली, खासगीवाले. त्यानंतर मला कुणी चुका सांगितल्या नाहीत. काम बिघडलं असेलही. तुमचं अगदीच चुकीचं नसेल.”

खासगीवाल्यांनी कितीतरी वर्षं मिरवलेलं ते साल आता त्यांच्या हातात नुसतं राहिलं. त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना.

“मोबाइलवर एक चाल पाठवतो,” जामखेडकर म्हणाले. “शब्द नाहीत अजून. ऐका आणि सांगा. त्या यवतमाळच्या मुलालाही पाठवतोय. दोघे भांडा, पण मला कळवा.”

मंडळ काही पुन्हा एक झालं नाही. दोन्ही ग्रुप आहेत, दोन्हीकडे भांडणं आहेत. फक्त अभिनव आणि खासगीवाले हल्ली एकमेकांना खासगीत लिहितात. कल्याणीताईंच्या मते, दोन सासवा एका सुनेबद्दल बोलाव्यात तसं ते बोलणं असतं.

फोन केला त्या दिवशी चाल आली ती संध्याकाळी. म्हाताऱ्याच्या कापऱ्या आवाजातली गुणगुण, मागे कुणाच्या तरी घरातल्या भांड्यांचा आवाज. चित्रपट कुठला, गाणार कोण, काहीच माहिती नव्हती. खासगीवाल्यांनी ती कानाला लावून ऐकली. परत ऐकली.

“कसं आहे?” कल्याणीताईंनी ओट्यापासून विचारलं.

“थांब जरा,” खासगीवाले म्हणाले. “अजून कळत नाहीये.”

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे वाक्य कल्याणीताईंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. कुकरची शिट्टी व्हायला आली होती. त्यांनी गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या. खासगीवाल्यांनी चाल पुन्हा सुरुवातीला नेली.