मोजणाऱ्याने लिहायचं नाही

काळेकाका गेल्याचं त्यांच्या मुलाने हॉस्पिटलमधून फोन करून सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होतो. मनात पहिली गोष्ट आली ती ही, की रविवारी मी गेलो नव्हतो...

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसची एक भिंत काकांच्या घराशी सामाईक आहे. सहा वर्षांपूर्वी आईला जिना चढवेना, म्हणून खाली मागच्या बाजूला एक खोली वाढवायची ठरवली. शेजाऱ्याची लेखी संमती लागते, म्हणून नकाशा घेऊन काकांकडे गेलो. ते निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर. "सही करतो रे," ते म्हणाले, "पण आधी दोन्हीकडच्या भेगा मोजू. उद्या माझ्याकडे तडा गेला तर भांडायला पुरावा नको?" दोन्ही घरांतून भिंत तपासली. प्रत्येक भेग जिथे संपते तिथे त्यांनी पेन्सिलीने खूण केली. मी भेगेची रुंदी मोजायची त्यांची पारदर्शक पट्टी लावून आकडा मोठ्याने सांगायचा, त्यांनी वहीत उतरवायचा. "मोजणाऱ्याने लिहायचं नाही. त्याला हवा तो आकडा त्याला दिसतो."

खोली झाली आणि काकांच्या बेडरूममधली एक भेग खुणेच्या दीड इंच पुढे गेली. मी ओशाळून म्हटलं, उद्याच बुजवून देतो. "थांब. ती थांबलीय का ते कळू दे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येत जा."

तिसऱ्या महिन्यात रुंदी ०.४ मिलिमीटर भरली. पुढे तीच राहिली. तरी फोन यायचाच, "ऑडिटरसाहेब, आज रविवार आहे. चहा टाकलाय." वर्षभराने मी म्हटलं, "काका, आकडा हलत नाही. आता बुजवू या." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुला घाई आहे का?" घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "तू नुसती भिंत बघतोस. काकू गेल्यापासून त्यांच्याकडे येतं कोण?" बुजवण्याची गोष्ट मी पुन्हा काढली नाही. पाच वर्षं एकच आकडा मोठ्याने सांगत राहिलो. ते दर वेळी चष्मा पुसून विचारायचे, "नक्की?"

त्या रविवारी ऑफिसचं काम आलं. मेसेज केला, पुढच्या रविवारी नक्की. उत्तर आलं, "ये सावकाश. भेग कुठे पळून जातेय!" बुधवारी ते गेले.

आता काकांचं घर विकायचं आहे. तिथे गेलो तेव्हा त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, सोमवारी पेंटर भिंतीतल्या भेगा बुजवणार. ही वही तुमचीच ना?" शेवटच्या ओळीवर काकांच्या अक्षरात त्या रविवारची तारीख होती. पुढे आकड्याची जागा कोरी. पट्टी त्यांच्या घरातच असायची, टेबलाच्या खणात. मला न बोलावता त्यांनी एकदाही मोजलं नव्हतं.

मी खणातून पट्टी काढली आणि भेगेवर धरली. रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "शून्य पॉइंट चार."

...वही टेबलावर उघडी होती, शेजारी पेन. मी पट्टी खणात परत ठेवली. मग वही तशीच मिटून घरी आणली. ती जागा अजून कोरी आहे. मोजलं मी होतं.