उस्मान पेंडवाल्याचं नाक

पौडच्या बाजारपेठेत उस्मानचाचांचं पेंडीचं दुकान होतं आणि तिथलं एकही पोतं हुंगल्याशिवाय विकलं जात नसे. पोत्याच्या शिवणीत बोट घालून मूठभर सरकी पेंड नाहीतर मक्याचा भरडा काढायचा, डोळे मिटून नाकाशी धरायचा आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी पाच-सहा लांब श्वास घ्यायचे, हा त्यांचा रिवाज. मग तीच मूठ ते गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरत. दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी होती, ‘वासाची खात्री’. लवासा बघायला निघालेली पुण्याची माणसं अत्तराचं दुकान समजून कधीमधी आत शिरत आणि हातात सरकी पेंड घेऊन बाहेर पडत.

मी लातूरकडची. पौडला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा नवऱ्याची नोकरी हिंजवडीत, म्हणून घर तिथून जवळच्या जांबे गावात. पहिल्याच आठवड्यात ओळख करून घ्यायला चाचांच्या दुकानात गेले. नमस्कार वगैरे काही नाही. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, “मॅडम, पोट कसं हाय?” मी गोंधळून बरं आहे म्हणाले. ते म्हणाले, न्हाई, डोळ्यांवरनं दिसतंय. पुढे कळलं, की ते सगळ्यांनाच असं विचारतात. सरपंचांनाही विचारतात आणि नव्या नवरीलाही.

त्या दिवशी माझं पोट खरंच बरं नव्हतं. आठवडाभर बिघडलेलं होतं आणि मी पाण्याला दोष देत होते. चाचांनी माझा जेवणाचा डबा उघडायला लावला. आईनं लातूरहून पाठवलेली शेंगदाण्याची चटणी हुंगली आणि झाकण लावून डबा माझ्यापासून लांब ठेवला. “दाणा वला व्हता. बुरशीचा हाय.” आईच्या चटणीला कुणी नावं ठेवावीत याचा मला इतका राग आला, की घरी जाऊन मी मुद्दाम बरणी उपडी केली. तळाशी हिरवट भुरा होता. आईला मी हे आजतागायत सांगितलेलं नाही.

तेव्हापासून मी त्या नाकापुढे नमले. चाचा चहासुद्धा हुंगून पीत. भाच्याच्या लग्नात त्यांनी व्याह्यांच्या देखत खारकांच्या ताटावर नाक टेकवलं होतं म्हणून चाची त्यांच्याशी तीन दिवस बोलल्या नव्हत्या. घरी जेवायला बसले, की चाची ताट वाढून तोंड फिरवून घेत. चाळीस वर्षं संसार केला, एक घास विश्वासानं खाल्ला नाही, असं त्या मला चाचांच्या समोरच सांगायच्या. चाचा तोवर वरण हुंगत असायचे.

दुपारी दवाखान्यात गर्दी नसली, की ते येऊन बसत आणि मला प्रश्न विचारत. बुरशी पोटात जाऊन नेमकं काय करते, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी सांगितलं, की बुरशी धान्यात एक विष सोडते. आतड्याला आतून नाजूक अस्तर असतं, ते या विषानं झिजतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही आणि नको ते जंतू आत शिरतात. रोज थोडं थोडं गेलं तर यकृतही खराब होतं आणि दुभत्या जनावराच्या दुधातही ते उतरतं. चाचांनी हे दोनदा ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाला सांगताना मी त्यांना ऐकलं : “आतड्याला आतनं सारवण असतंया. बुरशीचं इख ते सारवण खरवडतंय. मग घर कसं ऱ्हाईल?” कॉलेजात मला हा धडा शिकायला एक सत्र लागलं होतं.

एक गोष्ट मात्र त्यांनी ऐकून घेतली नाही. एका वर्षी परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला आणि गोदामाचा पत्रा गळून बारा पोती मका भिजला. चाचांनी तो चार दिवस गच्चीवर उन्हात पसरला, झाडला, पाखडला, पुन्हा वाळवला आणि एकेक पोतं हुंगून पास केलं. उन्हानं बुरशी मरते, पण तिनं सोडलेलं विष उन्हानं जात नाही, त्याला वासही नसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, चाचा, नमुना तपासायला पाठवू. ते हसून म्हणाले, तपासणाऱ्यालाच हिकडं पाठवा, मी त्याला हुंगायला शिकवतो. मला त्या चटणीची आठवण झाली आणि मी गप्प बसले. ही चूक त्यांच्याइतकीच माझी होती.

मका दळून भरडा झाला, विकला गेला. तीन आठवड्यांनी भादसच्या मंदाकाकूंचा फोन आला. त्यांचं घर राधी नावाच्या एकाच म्हशीवर चालायचं. तिचं दूध हिंजवडीच्या टॉवरांत जायचं. राधीनं वैरणीला तोंड लावणं सोडलं होतं, रवंथ बंद होता, शेण पातळ आणि शेंबडासारखं तार धरणारं. तिचं सहा महिन्यांचं रेडकू पाठ कमानदार करून कुंथत उभं होतं. तिला काय खायला घातलं ते मी विचारलं आणि काकूंनी चाचांच्या भरड्याचं पोतं पुढे ओढलं.

चाचांना बोलावलं. ते स्कूटरवरून आले, शेण बघितलं, मग पोत्यात हात घालून हुंगलं. पुन्हा हुंगलं. शेवटी पोत्यात डोकंच घातलं. बाहेर आले तेव्हा भुवयांना पीठ लागलेलं होतं.

“मॅडम, वास न्हाई. वास न्हाई तरी इख हाय?”

“आहे, चाचा.”

ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. रेडकू पाचव्या दिवशी गेलं. रेडी होती. पुढे तिनंच घर चालवायचं, असं काकूंनी ठरवून ठेवलं होतं.

चाचांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर राहता आलं असतं. राधी आजारी पडायला कारणं पन्नास देता येतात. पण त्या पहिल्याच दिवशी भादसहून परतले ते चाचा थेट कांदेवाल्याच्या टेम्पोपाशी गेले आणि भोंग्यासकट टेम्पो मागून आणला. मला शेजारी बसवलं. गावोगाव पुकारा सुरू झाला : “पौडच्या उस्मान पेंडवाल्याच्या मक्यात इख हाय. घातला आसंल तर बंद करा. पोतं परत द्या.” भोंग्यातली जुनी टेप काही केल्या पुरती बंद होईना. मध्येच ती जागी व्हायची आणि ‘कांदे घ्या, बटाटे घ्या’ म्हणायची. कोळवणात बायका पातेली घेऊन बाहेर आल्या आणि विष काय भावानं, असं एकीनं हसत विचारलं. चाचा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं.

खरी पंचाईत पुढेच होती. कुणी पोतं परत देईना. एका म्हाताऱ्या पाटलांनी पोतं उघडलं, डोळे मिटले, पाच-सहा लांब श्वास घेतले आणि मूठ चाचांच्या नाकाशी धरली. “चाचा, बेस हाय की मका. हुंगा. तुमीच शिकिवलंया.” दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी नवराबायको दोघांनी हुंगून चाचांना खोटं ठरवलं. साऱ्या मुळशी तालुक्यानं चाचांचं नाक घोटून पाठ केलं होतं, आणि आता दारोदार फिरून तेच नाक खोटं आहे हे पटवायची पाळी चाचांवर आली. शेवटी ते विनवायलाच लागले. माझं चुकलं, वासात काही नसतं, या मॅडमना विचारा. एवढ्या स्पष्टपणे चूक कबूल करणारा माणूस मी आमच्या खात्यात एकही पाहिलेला नाही.

संध्याकाळपर्यंत उरलेला सगळा मका गोळा झाला. चाचा गोदामामागे खड्डा खणून घेत होते, तेवढ्यात कुणीतरी सुचवलं, की पुरता कशाला, कोंबड्यांना घाला. चाचांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. “कोंबडीचं आतडं आतडं न्हाई व्हय?”

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. ‘वास घ्या. तरी खात्री न्हाई. तपासून घ्या.’ धंदा जरा बसला, पण प्रत्येक पोत्याचा नमुना तपासायला जाऊ लागला. चाचा हुंगत मात्र राहिले, त्यांना राहवायचं नाही. राधी हळूहळू सावरली. तिचं दूध महिनाभर ओतून द्यावं लागलं, आणि चाचा रोज सकाळी जाऊन ते काकूंच्या घरामागे स्वतःच्या हातानं ओतत. काकू दार उघडत आणि आत निघून जात. वर्षभर त्या चाचांशी एक शब्द बोलल्या नाहीत. पेंडही दुसरीकडून घेऊ लागल्या. चाचा माझ्याकडे बसून राधीची चौकशी करत. तिचं पोट कसं हाय, एवढंच.

चाचांना जाऊन आता दीड वर्ष होईल. दुकान मुलगा चालवतो, पाटी तीच आहे. त्यांची आठवण निघाली, की लोक अजून भोंग्याचीच गोष्ट सांगतात. मला मात्र त्यानंतरच्या वर्षातली एक सकाळ आठवते. मी दुकानात लसीकरणाच्या तारखा सांगायला गेले होते. मंदाकाकू आल्या आणि स्टीलचा डबा गल्ल्यावर ठेवला.

“राधी व्याली. रेडी झाली,” त्या म्हणाल्या. डब्यात पहिल्या चिकाचा खरवस होता, वेलदोडा घातलेला, अजून कोमट. म्हैस व्याली, की आपल्या माणसांच्या घरी तो पोचवायचा, ही इथली रीत. चाचा डब्याकडे बघत राहिले.

“हुंगा की,” काकू म्हणाल्या.

“न्हाई,” चाचा म्हणाले, आणि मोठा तुकडा उचलून सरळ तोंडात टाकला. चावताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी डबा माझ्यापुढे सरकवला. मी तुकडा घेतला आणि सवयीनं आधी नाकापाशी नेला.

चाचांनी माझ्या हातावर चापट मारली.