भित्र्याची बायको

कवठे येमाईत साखरबाईचं नाव काढलं की सात वर्षांनंतरही बाया तोंड वाकडं करतात. नवऱ्याची अब्रू जात्यात घालून दळली म्हणतात. असं म्हणणाऱ्यांच्या घरातलं कुणी कधी फौजेत गेलेलं नाही. मला त्या सगळ्यांचा राग येतो, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

साखरबाई पाबळची. सोळाव्या वर्षी जयसिंगाशी लग्न होऊन आमच्या गावात आली, आणि तीन महिन्यांत जयसिंग फौजेत भरती झाला. मूलबाळ नाही. शेतातलं सगळं काम ती ओढायची. वाचता येत नव्हतं, म्हणून नवऱ्याची पत्रं घेऊन शाळेत माझ्याकडे यायची. मी वाचायचो, ती दाराबाहेर उभी राहून ऐकायची. 'मी खुशाल आहे' एवढं वाक्य दोनदा वाचायला लावायची. जयसिंगाचा थोरला भाऊ बापूसाहेब गावचा सरपंच. त्याच्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही, ही त्या घरची रीत.

एकाहत्तरची लढाई संपली आणि पुढच्या मे महिन्यात जयसिंग रजेवर आला. त्याचं काम सुरुंगांचं. लढाईच्या वेळी जमिनीत पेरायचे आणि नंतर पोटावर सरपटत, सळईनं माती टोचत एकेक शोधून काढायचे. म्हणजे लढाई संपली तरी त्याचं काम संपलेलं नव्हतं. गावानं त्याला एसटीच्या थांब्यावरून वाजतगाजत आणलं, हार घातले, छातीवरच्या बिल्ल्याला हात लावून पाहिला. पण दुसऱ्या दिवसापासून हा गडी शेतात पाय टाकेना. बांधाबांधानं चालायचा. नांगरटीत उतर म्हटलं की तोंड पांढरंफटक पडायचं.

चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. "गुरुजी, एक अर्ज लिवा. घरी शेती बघाया मानूस न्हाई, फौजेतनं नाव कमी करा, आसा."

अशा अर्जावर सरपंचाची सही आणि शिक्का लागायचा. खरं कारण काय, असं मी विचारलं.

"माज्या म्होरचा गडी सुरुंगावर फुटला, गुरुजी. तवापासून हात थरथरत्यात. भारतमाता म्हंत्यात. जिच्यावर पाय ठेवायचं भ्या वाटतं, तिला आई कसं म्हनू? पर ह्ये लिवू नगा."

मी शेतीचंच लिहिलं. बापूसाहेबानं अर्ज वाचला आणि सदऱ्याच्या खिशात कोंबला. "म्या झेडपीला उभा ऱ्हानार आन् माजा भाऊ पळून आला म्हनू लोकांनी? सही हुनार न्हाई." जयसिंग मान खाली घालून परत फिरला. रजेचे बारा दिवस उरले होते.

त्याच आठवड्यात बापूसाहेबाच्या मुलीचं लग्न निघालं. एरवी पीठ गिरणीतून आलं तरी लग्नाची हळद घरच्या जात्यावरच दळतात. जात्याच्या एका बाजूला साखरबाई बसली, समोर सासू सोजराबाई, दोघींचे हात एकाच खुंट्यावर. जात्यावर बाईनं काय गावं ते तिचं ती ठरवते. सासरच्या माणसांना टोमणे मारले तरी त्याला उलट बोलणं म्हणत नाहीत. साखरबाईनं नेमका याचाच फायदा घेतला. देवादिकांच्या ओव्या झाल्यावर तिनं आवाज चढवला. बाहेर मांडवात बापूसाहेब पाव्हण्यांबरोबर चहा पीत होता. मीही तिथंच होतो, उघड्या दारातून जातं दिसत होतं.

पोटावर सरपटं बाई, हातामंदी सळई
जल्माचा शेतकरी माजा, मातीला भ्येतो बाई

जातं फिरत राहिलं. आतल्या बायांचं हसणं थांबलं.

नगं हार, नगं तुरा, नगं छातीवं बिल्ला
उंबऱ्याच्या आत असू द्ये, भित्रा माजा दादला

सोजराबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तिनं खुंट्यावरचा हात काढला नाही.

दीर माजा राजा बाई, सही त्येच्या बोटात
माजं कुकू अडाकलं, त्येच्या सदऱ्याच्या खिशात

पाव्हणे एकमेकांकडे बघायला लागले. बापूसाहेबाचं तोंड लालबुंद झालं. त्यानं अर्ज बाहेर काढला, माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, सही ठोकली, शिक्का मागवून उमटवला आणि मांडवाला पानं बांधणाऱ्या जयसिंगाच्या अंगावर कागद भिरकावला. "घ्ये! बस घरात बांगड्या भरून!"

साखरबाई हळदीच्या हातांनीच दारात आली. ती हसत होती. सही झाली होती, तिला बाकी कशाची पर्वा नव्हती.

पाव्हण्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं, आणि जयसिंगानं अर्ज टराटरा फाडला. आत जाऊन ट्रंक उचलून आणली. साखरबाईनं ट्रंकेची कडी धरली. "भ्यालात तर काय झालं? म्याबी भ्येते की!"

"हात सोड. पुन्यांदा तोंड दावू नगंस मला," तो म्हणाला. दुपारच्या एसटीनं तो शिरूरला गेला, तिथून दौंडला, आणि दौंडहून गाडीत बसला. रजा शिल्लक होती. 'यात लाज कसली?' एवढे तीन शब्द मी मांडवात बोललो असतो तर कदाचित तो थांबला असता. मी चहाची बशी धरून बसून राहिलो.

आषाढात तार आली. सुरुंग काढताना गेला होता.

बापूसाहेबानं शाळेच्या पटांगणात शोकसभा घेतली आणि मला पोवाडा रचायला सांगितलं. नाही म्हटलं असतं तर बदली झाली असती, आणि बदलीला मी भीत होतो. रात्रंदिवस खपून पोवाडा रचला आणि डफावर खड्या आवाजात गायलो. त्यात जयसिंग हसत हसत सुरुंगाला भिडत होता आणि मरताना देशाचं नाव घेत होता. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मागं बायांत बसलेली साखरबाई उठली. दिरासमोरून, सगळ्या गावासमोरून सरळ माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"गुरुजी, गानं चांगलं झालं. पर ह्यो मानूस माज्या वळकीचा न्हाई. माजा भ्येत हुता. तुमाला त्येनं सोत्ता सांगितलं हुतं. त्येला कुठं ठिवलात?"

"बाई, घरी जा," बापूसाहेब ओरडला.

"जाते. पर आदी गुरुजींस्नी बोलू द्या. त्यो भ्येत हुता का न्हवता?"

सगळं पटांगण माझ्याकडे बघत होतं. बापूसाहेबही बघत होता.

"जयसिंग कधीच भ्याला नव्हता," मी म्हणालो, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.