सिंधूची काचेची शेगडी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते शेगडी पुसायचं. दुपारची जेवणं झाली होती. वरणाचे थेंब काचेवर सांडून करपले होते. सिंधू स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. पाय सुजलेले, म्हणून पायाखाली पाट. मी फडकं घेऊन पुढे झालो तशी म्हणाली, "थांबा. आधी दिवा बघा." शेगडीचा लाल दिवा अजून लागलेला होता. मी थांबलो. दिवा गेला, मग हात काचेच्या वर नुसता धरला, लावला नाही. मग ओलं फडकं, मग कोरडं. ती मान वाकडी करून खिडकीच्या उजेडात काच बघत होती. "त्या कडंला राह्यलंय," म्हणाली. तिथं पुसलं. "आता झालं," म्हणाली आणि भिंतीला धरत धरत जाऊन पडली. दिवेलागणीला चहाचं विचारायला गेलो तर ती गेलेली होती.

सिंधू माझी बायको. दिसायला काळीसावळी, उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, पण आवाज असा की बांधावरून हाक मारली की विहिरीवरचा माणूस वर बघायचा. आमचं मूळ मखमलाबादचं. भाजीपाला, झेंडू, शेवंती. पहाटे जुड्या बांधायच्या, मार्केटला घालायच्या, परत येऊन स्वयंपाक. तिचं निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं. गॅस आला तो उशिरा, आणि तोवर धुराने तिची छाती धरली होती. खोकला लागला की ओट्याला धरून उभी राहायची, आणि खोकला थांबला की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा पीठ मळायची.

पुढे भावाची पोरं मोठी झाली, मळ्यातलं घर पुरेना. आमच्या मुलाने, संजूने, आम्हा दोघांना पाथर्डी फाट्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. तो स्वतः पुण्याला नोकरीला. फ्लॅटचा आधीचा मालक परदेशात राहून आलेला होता. त्याने ओट्यात विजेची शेगडी बसवलेली. वर काळी काच, काचेवर चार गोल, खाली भाजायची भट्टी, पुढे बटणं. मला तर ते टीव्ही आडवा घातल्यासारखं दिसलं.

संजू म्हणाला, "आई, ही काढून टाकू. गॅस आणू."

सिंधूने विचारलं, "धूर करती का?"

"नाही."

"जाळ?"

"जाळ नाही गं. काच तापते नुसती."

"मंग राहू दे. माझ्या छातीनं लय धूर खाल्लाय."

अशी ती शेगडी राहिली. घर भरायच्या दिवशी माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. आक्का म्हणाली, नव्या चुलीवर दूध उतू गेलंच पाहिजे, त्याशिवाय घराला बरकत नाही. सिंधूने काचेवर हळदकुंकू वाहिलं, पातेलं ठेवलं, बटण फिरवलं. दूध वर आलं, उतू गेलं, सगळ्या बाया "गेलं गं, गेलं!" म्हणून हसल्या. चुलीवर उतू गेलेलं दूध राखेत जातं. गॅसवर गेलं तर खाली ताटलीत जातं. इथं त्याला जायला जागाच नव्हती. तापल्या काचेवर ते पसरलं, त्यात कुंकू मिसळलं, आणि सगळं जळून चिकटलं. वास असा सुटला की पाहुणे गॅलरीत जाऊन उभे राहिले. आक्का म्हणाली, "कसली गं ही चूल, देवाचं दूधसुद्धा पचंना हिला."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बोलावला. त्याने सांगितलं, काच पार गार झाल्यावर पत्तीचं ब्लेड तिरकं धरून खरवडायचं, तारेची घासणी लावायची नाही, चरे पडतात आणि चरा पडलेली काच कधी तडकेल सांगता येत नाही. सिंधू पदर खोचून समोर उभी राहून ऐकत होती. तो गेल्यावर बसली खरवडत. बाकी सगळं निघालं, मागच्या कोपऱ्यात तपकिरी कोर राहिली. मी म्हटलं, काच बदलू. ती म्हणाली, "कशाला? काजळाचा टिपका समजा. नव्या घराला दिष्ट लागायची नाय."

तिची जुनी भांडी सगळी गोल बुडाची. काचेवर ठेवली की डुगडुगायची आणि तापायचीच नाहीत. म्हणून आम्ही भांडी बाजारात गेलो. तिथं ती दुकानदाराच्या काउंटरवर एकेक पातेलं मांडायची आणि बोटाने कड दाबून बघायची. दुकानदार कंटाळला. म्हणाला, "आजी, भांडं घ्यायचंय का नाचवायचंय?"

"नाचलं तर नाय घ्यायचं," सिंधू म्हणाली, "न नाचणारं दाखव."

अख्खं दुकान हसलं, पण तिने सपाट बुडाचं शोधूनच घेतलं.

शेगडीबद्दल तिचं एक बोलणं होतं. "ही मुकी हाय," म्हणायची. "जाळ बोलतो, भडकला की कळतं. ही बोलत नाय. काळी दिसती, गार वाटती, आणि हात लावला की कातडं ठेवून घेती." मुक्या जनावराच्या मागून जात नाहीत, समोरून बेताने जातात, तसं हिच्याजवळ जायचं, असं तिचं म्हणणं. बटण बंद केल्यावर जो लाल दिवा राहायचा त्याला ती कुंकू म्हणायची. "हिचं कुंकू हाय तवर लांब." शेजारची सून एकदा गप्पा मारता मारता प्लास्टिकचा डबा काचेवर ठेवायला गेली. सिंधूने वरच्या वर तिचं मनगट धरलं. "ओटा नाय गं तो. तिथं भांडं सोडून काही ठेवायचं नाय. फडकं नाय, पिशवी नाय, मोबाइल तर नायच नाय."

भांड्याचं बूड पुसल्याशिवाय ठेवायचं नाही. दांडा बाहेर काढून ठेवायचा नाही, पदर अडकतो. ओल्या हाताने बटण फिरवायचं नाही. रात्रीचं आवरलं की भिंतीवरचं मोठं बटण खाली. बाहेरगावी जाताना जिन्यातून परत येऊन ते बघायची. मी खाली पिशव्या घेऊन उभा. ओरडायचो, "बस जाईल!" वरून आवाज यायचा, "जाऊ द्या. घर ऱ्हाईल ना."

चुकत नव्हती असं नाही. एकदा भरताचं वांगं तिने भट्टीत ठेवलं. जाळावर भाजायची सवय, टोचे मारायचे राहिले. आत फाट्कन आवाज झाला. मी पेपर टाकून आलो तर ती हसून हसून खाली बसलेली. सबंध भट्टीत वांगं उडालं होतं. गार झाल्यावर आत हात घालून कोपरान् कोपरा पुसला. उरलेल्या वांग्याचं भरत केलं. मी म्हटलं, "ह्याला धुराचा वास नाय." ती म्हणाली, "धूर पायजे तर बिडी वढा."

मग ती आजारी पडली. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय, छातीत पाणी होतं. गोळ्या खायच्या, मीठ कमी, चढउतार बंद. तिला त्यातलं काय कळलं माहीत नाही, पण जेवढं कळायचं तेवढं कळलं. एकदा संजू फोनवर मला म्हणाला, "दादा, उद्या काही झालंच तर तुम्ही पुण्याला यायचं. तुम्हाला साधा चहा येत नाही आणि घरात ती शेगडी. मी तुम्हाला एकटं ठेवणार नाही." फोन स्पीकरवर होता. सिंधू पलीकडे लसूण सोलत होती.

तिने फोन मागून घेतला. "संजू, ह्या माणसाला तिकडं नेऊन काय करशील? सोफ्यावर बसवशील? हा सकाळी बस धरून मळ्यात जातो, भावासंगं जुड्या बांधतो, म्हणून जित्ता हाय."

"आई, मग जेवणार काय?"

"मी शिकवते. दिवाळीला ये तू. ह्यांच्या हातचं पिठलं-भात खा. चांगलं झालं तर ह्यांना हलवायचं नाय. कबूल?"

संजू हसला. म्हणाला, "कबूल."

त्याला गंमत वाटली. तिला गंमत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मला स्वयंपाकघरात उभं केलं. स्वतः दारात खुर्ची टाकून बसायची. उभं राहायची ताकद नव्हती, पण ओरडायची होती. "बूड पुसलं का? मधी ठेवा. मधी म्हंजी मधी. गोलाच्या भाईर भांडं कशाला तापल?" पहिला भात खाली लागला. दुसऱ्याचं पीठ झालं. कोथिंबिरीची पिशवी मी काचेवर टेकवली, ती चिकटली. "मळ्यात आयुष्य गेलं आन् कोथिंबिरीलाच जाळलं," म्हणाली. ब्लेड माझ्या हातात दिलं. ती काच मीच खरवडली. मधे मी वैतागलो. म्हटलं, "अगं, मेसचा डबा लावीन." ती कपाळाला हात लावून म्हणाली, "डबा खाणाऱ्याला संजू इथं ठेवणार हाय का? उगं बोलू नका. मोहरी तडतडली, पाणी वता."

एक गोष्ट मला लवकर समजत नव्हती. ही शेगडी बंद केली तरी तापत राहते. मी भात पूर्ण झाला की बंद करायचो, आणि तो मागाहून करपायचा. ती म्हणायची, "आदी बंद करा. पुढचं तिचं ती करल. ऊब तिच्या पोटात ऱ्हाती." शेवटच्या दिवसांत भात जमला. पिठलं गुठळ्यांचं व्हायचं, पण खाता येत होतं. तिने एकदाही चांगलं झालं म्हटलं नाही. वाटी पुसून खाल्ली, तेवढ्यावरून मी समजायचं. पण एकट्याने, ती खुर्चीत नसताना, मी त्या शेगडीवर काहीच केलं नव्हतं. दिवाळी अजून लांब होती.

ती गेली त्या संध्याकाळी आक्का आली, भाऊ-भावजय आले. संजू पुण्याहून निघाला, रात्री पोचला. दिवस मावळल्यावर नेत नाहीत, म्हणून सकाळी न्यायचं ठरलं. शेजारच्यांनी चहा दिला. आमच्या घरात चूल पेटायची नव्हती.

सकाळी तिच्या आंघोळीच्या पाण्याची वेळ आली. आमच्याकडे ते पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. बाहेर तीन दगड मांडतात, त्यावर तापवतात. भाऊ दगड घेऊन पार्किंगमध्ये गेला. सोसायटीच्या सेक्रेटरीने हात जोडले. म्हणाला, "काका, राग मानू नका, इथं गाड्या आहेत, वर विजेचे मीटर आहेत." त्याचं खोटं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, बाथरूममधल्या गिझरचं पाणी घ्या, काय फरक पडतो.

मी म्हटलं, "गिझरचं पाणी कुणी तापवलेलं नसतं. मी तापवतो."

आक्का उठून आली. "नामा, डोकं ठिकाणावर हाय का? घरातल्या चुलीवर मयताचं पाणी? उद्या त्याच्यावर अन्न शिजायचंय."

"शिजल की," मी म्हटलं. "मीच शिजवणार हाय आन् मीच खाणार हाय. कुणाला बाट लागायचा तो मला लागू दे."

आक्का रडायला लागली. पण आडवी आली नाही.

संजू माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. डोळे सुजलेले. बटणाला हात घालून म्हणाला, "दादा, तुम्ही बसा. मी करतो."

"हात काढ," मी म्हटलं. "वला हाय तुझा हात."

त्याने हात काढला. मी भिंतीवरचं मोठं बटण वर केलं. मोठ्या पातेल्यात पाणी घेतलं, बूड फडक्याने पुसलं, मोठ्या गोलावर बरोबर मधे ठेवलं. बटण फिरवलं. काच हळूहळू लाल झाली. संजू दाराला टेकून बघत होता. एकदा म्हणाला, "दादा, पुण्याचं आपण मग..." मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझं लक्ष पाण्यावर होतं. तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले तसं मी बटण बंद केलं. तो म्हणाला, "एवढ्यात? तापलं नाही अजून."

"तापंल. पोटात ऊब हाय तिच्या."

आम्ही दोघं उभे राहिलो. बाहेर बाया हलक्या आवाजात बोलत होत्या. पाण्यातून वाफ निघायला लागली. मी बाही वर करून कोपर पाण्यात बुडवलं, लेकराच्या पाण्यात बुडवतात तसं. आणखी थोडं थांबलो. पुन्हा बुडवलं. तिला सोसेल इतपत झालं होतं. मग संजूला पातेल्याचा एक कान धरायला सांगितला, दुसरा मी धरला, पातेलं बाहेर नेऊन ठेवलं आणि बायांना म्हटलं, "घ्या."